30 सप्टेंबरचा पट आणि दिवाळीनंतरचा वर्ग: सरकारी नोंदींवर संशोधन करताना

मागच्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी 2025 मध्ये, माझ्या पीएचडीचं आकडेवारीचं प्रकरण एकदाचं गाईडने मान्य केलं. विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळेतली हजेरी. स्वतः घरोघरी जाऊन सर्व्हे करायला ना पैसा होता ना माणसं, त्यामुळे सगळं काम सरकारी नोंदींवर केलं: युडायस (देशभरातल्या शाळांची दरवर्षी गोळा होणारी सरकारी माहिती), वर्गाचे हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही आणि हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव. सुरुवात केली तेव्हा कुठल्या टेबलावर काय मिळतं हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतेय, तपशील जरा जास्त वाटले तरी राहू देते कारण अडायला होतं ते तिथेच.

जून 2023 मध्ये विषय ठरला. बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता (म्हणजे मजुरीच्या हिशोबात एक जोडी), आणि लहान पोरं बहुतेक वेळा बरोबरच. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी या बाजूला तर दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसंच दिसतात. कारखाने बंद झाले की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परत. हे मराठवाड्यात सगळ्यांना माहितीय, पण शाळांचा पट बघितला तर त्यात यातलं काही दिसत नाही, पोरं आहेतच. ती मधले महिने कुठे जातात, हा माझा प्रश्न होता.

पहिलं पाऊल सोपं होतं. युडायस प्लसच्या साइटवर नाव नोंदवून, कशासाठी हवंय ते लिहून, शाळानिहाय डेटा डाउनलोड करता येतो आणि तो फुकट आहे. पण फायली उघडल्यावर दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. एक म्हणजे त्यात शाळेचं नाव नसतं आणि खऱ्या युडायस कोडच्या जागी सांकेतिक क्रमांक असतो, त्यामुळे अमुक गावची अमुक शाळा असं त्यातून शोधता येत नाही. जिल्ह्याचं, तालुक्याचं चित्र त्यातून काढायचं, आणि विशिष्ट शाळा हवी असेल तर तिच्या 11 अंकी कोडने एकेक रिपोर्ट कार्ड काढायचं (पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, बीडच्या शाळांचे कोड 2727 ने सुरू होतात). दुसरी गोष्ट पटाच्या फायलीची. रकान्यांची नावं सी-वन-बी, सी-वन-जी अशी, म्हणजे पहिलीचे मुलगे, पहिलीच्या मुली, इथपर्यंत ठीक. पण एकाच शाळेच्या ओळी जातीच्या प्रवर्गानुसार वेगळ्या, धर्मानुसार वेगळ्या, वयानुसार वेगळ्या असतात आणि तीच मुलं प्रत्येक गटात परत मोजलेली असतात, म्हणून बेरीज करण्याआधी एकच गट निवडायचा, नाहीतर पट दुप्पट-तिप्पट होतो. आणि युडायस कोडचा रकाना एक्सेलमध्ये आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर एक्सेल त्याला साधी संख्या समजतं.

हे करता करता जुलै गेला. आणि तेव्हाच ती गोष्ट लक्षात आली जिच्यावर पुढे माझं अख्खं प्रकरण उभं राहिलं. युडायसची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर. म्हणजे त्या दिवशी पटावर जेवढी मुलं तेवढी मोजायची. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यताही साधारण त्याच तारखेच्या पटावर होते. आता 30 सप्टेंबरला बीडमधली टोळी अजून गावातच असते! गाड्या भरायला दोन-चार आठवडे बाकी असतात, पोरगं वर्गात बसलेलं असतं, गुरुजी त्याचं नाव मांडतात, आणि ते नाव खरंच असतं, कोणी खोटं लिहीत नाही. नोव्हेंबर ते मार्च ते पोर फडावर असतं तेव्हा मोजणी नसते. पुढच्या 30 सप्टेंबरला ते परत वर्गात. त्यामुळे गळतीच्या आकड्यात ते कधी येतच नाही, वर्षातले चार-पाच महिने शाळा बुडालेली असली तरी.

मला हे कळल्यावर दोन दिवस नीट झोप आली नाही. कारण याचा अर्थ असा होता की डाउनलोड होणाऱ्या डेटातून माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळणारच नाही, रोजची नोंद जिथे होते तिथे, म्हणजे शाळेतच जावं लागणार.

शाळेत जायचं तर आधी विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी. ऑगस्टमध्ये अर्ज दिला, त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही योग्य होते: हजेरीपटावर लहान मुलांची नावं आणि जात असते, त्याचं काय करणार, आणि कुठली शाळा ते वाचणाऱ्याला ओळखू येणार का. मी लिहून दिलं की नावाचा रकाना उतरवणार नाही, त्याचा फोटो काढणार नाही, फक्त मुलगा-मुलगी, इयत्ता आणि महिन्याची हजर दिवसांची बेरीज घेणार, शाळांना स्वतःचे क्रमांक देणार. सप्टेंबरच्या शेवटी पत्र मिळालं. ज्यांना हे करायचंय त्यांनी ही परवानगी पहिल्याच महिन्यात टाकावी, कारण पुढच्या प्रत्येक कार्यालयात सगळ्यात आधी तेच पत्र मागतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यापीठाचं पत्र दिलं, आवक नोंदवून पोचपावतीवर शिक्का घेतला, आणि त्याच दिवशी एका तालुक्याच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्जही टाकला. तालुक्याचं नाव देत नाही. अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, म्हणून मी मागितलं एवढंच: तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांची मागच्या तीन वर्षांची महिनावार सरासरी उपस्थिती.

ऑक्टोबरच्या शेवटी मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी होती, सगळं ठप्प. नोव्हेंबर निम्मा झाल्यावर पोस्टाने उत्तर आलं, एका ओळीचं: ‘सदर माहिती या कार्यालयात संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ हे उत्तर खूप जणांना येतं आणि तिथेच लोक सोडून देतात. यात कायद्याची एक बाजू आहे ती समजून घेतली पाहिजे: कार्यालयाकडे जी माहिती ज्या स्वरूपात आहे ती द्यायला ते बांधील आहेत, तुमच्यासाठी नवीन तक्ता तयार करून द्यायला नाहीत. म्हणून तक्ता मागायचा नाही. कुठली नोंदवही ठेवली जाते, ती कोणाच्या ताब्यात आहे हे विचारायचं, आणि ती बघू द्या म्हणून मागायचं. माहितीच्या व्याख्येत अभिलेखाची पाहणीही येते. मी प्रथम अपील केलं (जोडपत्र ‘ब’, 20 रुपयांचा स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत) आणि त्यात पाहणीच मागितली. सुनावणी जानेवारीत झाली, दहा मिनिटांत आटोपली, आदेश मिळाला की कार्यालयातल्या मासिक विवरणपत्रांची पाहणी करू द्यावी आणि हव्या त्या छायाप्रती द्याव्यात. छायाप्रत पानाला 2 रुपये. बरोबरीने हेही सांगते की राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्ह्यातल्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघता येतात. मला हे खूप उशिरा कोणीतरी सांगितलं, तुम्ही आधीच वापरा.

पाहणीचा दिवस ठरेना. 23 जानेवारी 2024 पासून मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण सुरू झालं आणि अख्खा शिक्षकवर्ग, कार्यालयातली माणसं त्यात. शेवटी फेब्रुवारीत जाऊन बसले. गठ्ठे खोलीत होते, काही लाल कापडात बांधलेले, काही प्लास्टिकच्या गोणीत. तिथे एक वरिष्ठ सहायक होते, निवृत्तीला आलेले. दुपारी चहा मागवल्यावर त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?” मी सांगितलं. ते म्हणाले, “मग हजेरीच्या विवरणात कशाला डोकं घालता, शाळेत जा आन् खिचडीचं रजिस्टर बघा. तांदूळ मोजून द्यावा लागतो.”

या एका वाक्याने माझे कितीतरी महिने वाचले. पोषण आहाराची नोंदवही शाळेत रोज भरली जाते. तारीख, पहिली ते पाचवीचा पट, हजर, किती मुलं जेवली, तसंच सहावी ते आठवीचं, मग आरंभी शिल्लक तांदूळ, आज वापरलेला, अखेर शिल्लक. प्रमाण ठरलेलं आहे, पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. म्हणजे खालच्या वर्गातली 40 पोरं जेवली तर 4 किलो तांदूळ गेलाच पाहिजे आणि शिल्लक तेवढी कमी दिसलीच पाहिजे. हजेरीपटावर एक खूण करायला काही लागत नाही, पण इथे प्रत्येक आकड्यामागे धान्याचा हिशोब आहे, तो महिनाअखेर वर पाठवायचा आहे, म्हणून हा आकडा जास्त भरवशाचा. पूर्ण भरवशाचा आहे असं नाही म्हणत. पण हजेरीपट, जेवणारी मुलं आणि तांदूळ असे तिन्ही एकमेकांशी ताडून बघितले की कुठली शाळा नीट नोंद ठेवते ते कळायला लागतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात शाळा फिरायला सुरुवात केली. 16 तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली, मग शिक्षकांची निवडणूक प्रशिक्षणं, बीएलओची म्हणजे मतदारयाद्यांची कामं, बीडचं मतदान 13 मेला, त्यात उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे खरं काम 15 जूनला शाळा उघडल्यावरच झालं. एसटीला महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास परवडला, पण आडगावाला जाणारी गाडी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, ती चुकली की वडापने (शेअर जीपने) रस्त्याला यायचं. माहिती अधिकाराचा खर्च स्टॅम्प, छायाप्रती सगळं धरून हजाराच्या आतच राहिला, पैसे गेले ते प्रवासात आणि तालुक्याला खोली घेऊन राहण्यात.

शाळेत आदेशाचा कागद दाखवून रजिस्टर मिळतं असं कोणी समजू नये. गुरुजी, मॅडम सगळे बोलायला चांगले, पण वही पुढे सरकवताना हात थांबायचा. कारण मला दुसऱ्या-तिसऱ्या शाळेत समजलं. सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या जागी एक समूह शाळा करायचा विषय निघाला होता, आणि लोकांना वाटायचं ही बाई आकडे घेऊन जाईल आणि दिवाळीनंतर पोरं नसतात म्हणून आमची शाळा बंद होईल. भीती खरी होती. त्यात जुन्या शिक्षकांना ऑक्टोबर 2011 ची पटपडताळणी आठवते, तीन दिवस, पोरांच्या बोटांना शाई लावून मोजणी, राज्यात सुमारे 20 लाख मुलं कागदावरच असल्याचं निघालं होतं. तेव्हापासून बाहेरचं कोणी पट बघायला आलं की शाळा सावध होते. मी प्रत्येक ठिकाणी आधी लिहून दिलं की शाळेचं, गावाचं नाव कुठेही येणार नाही, आणि उतरवलेला तक्ता त्यांना दाखवूनच नेईन. हे दुसरं जास्त कामाला आलं. तक्ता बघता बघता शिक्षक स्वतःच सांगायचे, हा आठवडा यात्रेचा आहे, ही सुट्टी पावसाची, इथे तांदूळच आला नव्हता म्हणून जेवण शून्य आहे, पोरं होती. शेवटची गोष्ट कुठल्याही फाइलीवरून मला कळली नसती, मी तो महिना गैरहजेरीत धरला असता.

एक वही अजून डोळ्यापुढे आहे. चौथीपर्यंतची शाळा, द्विशिक्षकी. ऑक्टोबरची पानं भरलेली, जेवणाऱ्यांचा आकडा जवळजवळ पटाएवढा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी तो निम्म्याच्याही खाली आणि मग रोज तोच, हिवाळाभर. पट मात्र शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा. हजेरीपटाच्या शेऱ्यात काही नावांपुढे पेन्सिलीने ‘ऊसतोड’ लिहिलेलं. पेन्सिलीने का, तर म्हणे एप्रिलमध्ये आल्यावर खोडायचं असतं.

हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव हा चौथा स्रोत. आईबाप गेले तरी पोर आजी-आजोबांकडे गावात राहावं म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ही सोय चालते, बऱ्याच गावांत राहणं नातेवाइकांकडे आणि जेवण वसतिगृहाचं. प्रस्तावासोबत स्थलांतर करणाऱ्या पालकांच्या मुलांची यादी लावतात. म्हणजे शाळेने स्वतः लिहून दिलेलं असतं की कोणाचे आईबाप जाणार आहेत. जिथे वसतिगृह वेळेत मंजूर झालं आणि जिथे उशिरा झालं तिथल्या जेवणाच्या आकड्यांची तुलना करता आली, आणि माझ्या मते प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग तोच. वेळेत सुरू झालेल्या गावांत घसरण स्पष्टपणे कमी होती. जानेवारीत मंजुरी येऊन उपयोग नसतो, पोरं नोव्हेंबरातच गेलेली असतात.

ऑगस्ट ते नोव्हेंबर 2024 हे महिने डेटा एंट्रीत गेले. कार्यालयाकडून पेनड्राइव्हवर मिळालेल्या काही फायली जुन्या मराठी फॉन्टमध्ये होत्या, उघडल्या की नुसती अक्षरं विस्कटलेली. फॉन्टचं नाव आधी विचारून घ्या, त्याप्रमाणे युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण जोडाक्षरं आणि आकडे हाताने तपासायला लागतात. तारखा काही ठिकाणी दिवस आधी, काही ठिकाणी महिना आधी. गावांची नावं तर एकाच कार्यालयात तीन प्रकारे लिहिलेली, म्हणून जोडणी नावावर न करता कोडवरच करायची. आणि कुठला आकडा कुठल्या वहीच्या कुठल्या पानावरचा हे शेजारच्या रकान्यात तिथल्या तिथे लिहायचं, गाईडने नंतर विचारलं तेव्हा प्रत्येक शंकेला पान काढून दाखवता आलं.

मग नवीन वर्षाच्या तोंडावर युडायसचा 2023-24 चा अहवाल आला आणि देशाचा पट 2021-22 च्या तुलनेत एक कोटीहून जास्त कमी दिसतोय म्हणून चर्चा सुरू झाली. 2022-23 पासून युडायस शाळेची एकगठ्ठा संख्या न घेता एकेका विद्यार्थ्याची नोंद घेतं, त्यामुळे दोन शाळांत असलेलं एकच नाव वगळलं जातं, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरळ वजाबाकी करून मुलं गेली कुठे असं विचारता येत नाही. किती घट मोजणीच्या बदलाने आणि किती खरी, हे वेगळं करावं लागतं. मी माझ्या प्रकरणात 2022-23 च्या आधीची वर्षं वेगळ्या तक्त्यात टाकली आणि का टाकली ते खाली लिहिलं.

ज्या शाळांनी वह्या दाखवल्या त्यांना जानेवारीत त्यांचा त्यांचा महिनावार तक्ता एका पानावर छापून पाठवला, मराठीत, आलेखासह. एका मुख्याध्यापक मॅडमचा फोन आला, त्या यंदाच्या वसतिगृहाच्या प्रस्तावाला तो जोडणार आहेत, म्हणजे मागणी दिवाळीच्या आधी का मंजूर व्हायला हवी ते आकड्याने सांगता येईल.

अजून अर्धी बाजू राहिलीय. गाव सोडलेल्या मुलांना शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, जिथे जातील तिथल्या शाळेत ते दाखवून बसता यावं म्हणून. बीडमध्ये दिलेली किती कार्डं पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांत पोचतात, याची नोंद कुठे होते का, हे शोधायला घेतलंय. यावेळी अर्जात तक्ता मागितला नाही, फक्त विचारलंय की अशी नोंदवही कोणत्या कार्यालयात ठेवली जाते आणि ती बघायला कधी येऊ. आवक क्रमांक मिळालाय, 30 दिवस पुढच्या आठवड्यात संपतात, आणि अपिलाचा 20 रुपयांचा स्टॅम्प आणून ठेवलाय.